चीकदुधाची परीक्षा

बाळंतपणानंतर येणारे पहिले दाट, पिवळसर दूध बाळास ‘जड’ पडते असे समजून टाकून देण्याची रूढी काही घरांत आजही आढळते. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. त्यानुसार ही समजूतही पारखून पाहू.

सियालिक आम्ल हा शर्करावर्गातील घटक मेंदूच्या पेशींच्या आवरणात विपुल असतो. दुधात तो इतर शर्करांना व प्रथिनांना जोडलेला असतो. म्हणून दूध सौम्य सल्फ्युरिक आम्लासह तापवून तो प्रथम मोकळा करतात. नंतर वॉरेन यांच्या १९५९ च्या पद्धतीने रासायनिक प्रक्रिया केली की गुलाबी रंग उमटतो. रंग जितका गडद, तितके प्रमाण अधिक.

अशा मोजमापांनी दाखविले की मातेच्या दुधात हे आम्ल गाईच्या नेहमीच्या दुधाहून पुष्कळ अधिक असते. त्यातही चीकदुधात ते सर्वाधिक असून पुढील तीन महिन्यांत झपाट्याने घटते. म्हणजे रूढी टाकून देते, तेच दूध या घटकाने सर्वांत समृद्ध!

आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईतील शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. एका मातेचे दूध दुसरीच्या बाळास जीवन देते. त्यासाठी दुधातील जंतू तपासावे लागतात, मातेची जात नव्हे.

आपल्या घरी बाळ जन्मेल, तेव्हा चीकदुधाचा थेंबही वाया जाऊ देऊ नये.