मक्याच्या पिकास नत्राचे हप्ते

मका हे खादाड पीक आहे, असे शेतकरी म्हणतात ते खोटे नव्हे. खरिपातील संकरित मक्यास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, अशी शिफारस आहे. परंतु उत्पन्न बुडते ते बहुधा मात्रेपेक्षा वेळ चुकल्यामुळे.

स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळीच संपूर्ण द्यावयाचे. नत्राचे तसे नाही. युरियातील नत्राचे जमिनीत नायट्रेट होते व जोराच्या पावसाबरोबर ते मुळांखाली झिरपून जाते. म्हणून ४० किलो पेरताना, ४० किलो तिसाव्या दिवसाच्या सुमारास, पीक गुडघाभर झाल्यावर, आणि उरलेले तुरा बाहेर पडण्यापूर्वी द्यावे. दर हप्त्यास सुमारे ८७ किलो युरिया लागतो. म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. पेरणीस मिश्रखत वापरल्यास त्यातील नत्र वजा करावे. खत ओलीवर देऊन मातीआड करावे. उघड्यावर फेकलेल्या युरियातील बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो.

जुनी पाने शेंड्याकडून मधल्या शिरेलगत पिवळी पडू लागली, की नत्र कमी पडला असे समजावे. कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे दिसल्यास मात्र दोष बहुधा जस्ताचा. तेथे आणखी युरिया ओतणे व्यर्थ होय.

पंचायत सदस्यांनी लक्ष घालावयाचे ते येथे. तिसाव्या दिवशी गावच्या सोसायटीत युरियाच नसेल, तर हा सल्ला कागदावरच राहतो. तेव्हा मक्याखालील क्षेत्राचा अंदाज घेऊन पुढील दोन हप्त्यांची मागणी पेरणीबरोबरच नोंदविली जाईल, असे पाहावे.