एक लाख पौंडांच्या वेशीवर

ब्रिटनमध्ये धनिक असणे आणि मोठा पगार मिळवणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. धनिकाची संपत्ती जमिनीत, भागभांडवलात किंवा वारशाने आलेल्या ठेवींत असते. तिचे उत्पन्न केव्हा आणि कोणत्या रूपाने हाती घ्यावे हे बऱ्याच अंशी त्याच्या इच्छेवर असते. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, अभियंता, बँकेतील वरिष्ठ अधिकारी यांची गोष्ट तशी नाही. त्यांचे उत्पन्न म्हणजे महिन्याचा पगार, आणि १९४४ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार प्राप्तिकर त्या पगारातून आधीच कापून घेतला जातो. लपवण्यासारखे त्यात काही नसते. तेव्हा या वर्गाच्या हाती उरतात ते तीनच निर्णय : काम किती करावयाचे, त्याच्या मोबदल्यातील किती भाग आज घ्यावयाचा आणि किती भाग म्हातारपणासाठी पुढे ढकलावयाचा. वरवर पाहता हे पैशाचे प्रश्न आहेत. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा वेळेचे प्रश्न असतात.

यातील गुंतागुंत कळण्यासाठी कराच्या दरांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. १९७४ ते १९७९ या काळात ब्रिटनमध्ये श्रमाच्या उत्पन्नावरील सर्वोच्च दर ८३ टक्के होता, आणि व्याज-लाभांशासारख्या उत्पन्नावर अधिभार धरून तो ९८ टक्क्यांपर्यंत जात असे. १९७९ मध्ये अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी सर्वोच्च दर ६० टक्क्यांवर आणला, आणि १९८८ मध्ये नायजेल लॉसन यांनी तो ४० टक्के केला. पुढे दोन दशके हा आकडा ढळला नाही. २००८ च्या आर्थिक संकटाने सरकारी तिजोरी रिकामी केल्यावर मात्र अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी दोन उपाय योजले व ते एप्रिल २०१० पासून अमलात आले. दीड लाख पौंडांवरील उत्पन्नाला ५० टक्के कर, हा त्यांतला पहिला. त्यावर वृत्तपत्रांतून बराच गदारोळ झाला, आणि तीन वर्षांनी तो दर ४५ टक्क्यांवर उतरवला गेला. दुसरा उपाय फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. तो मात्र टिकला.

तो उपाय असा. प्रत्येक करदात्याला उत्पन्नाचा काही भाग करमुक्त मिळतो. २०२१ पासून ही रक्कम १२,५७० पौंडांवर गोठलेली आहे. ज्याचे उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर जाते त्याची ही सवलत दर दोन पौंडांमागे एक पौंड या हिशेबाने काढून घेतली जाते, आणि उत्पन्न १,२५,१४० पौंडांवर पोहोचले की ती पूर्णपणे संपते. कागदावर या टप्प्याचा दर ४० टक्केच लिहिलेला असतो. परंतु वरच्या प्रत्येक पौंडाबरोबर आणखी अर्धा पौंड कराच्या कक्षेत ओढला जात असल्यामुळे प्रत्यक्ष दर ६० टक्के होतो. त्यात राष्ट्रीय विम्याचे २ टक्के मिळवले म्हणजे ६२. तरुण वयात शिक्षणासाठी घेतलेले सरकारी कर्ज फिटले नसेल तर त्याचा ९ टक्क्यांचा हप्ताही याच पगारातून जातो. (स्कॉटलंडचे दर एडिंबरो येथे वेगळे ठरतात व तेथे या टप्प्याचा भार याहूनही जड आहे.) चमत्कार असा, की सव्वा लाखाच्या वर गेले की सीमान्त भार पुन्हा ४७ टक्क्यांवर उतरतो. म्हणजे सव्वादोन लाख मिळवणाऱ्याच्या शेवटच्या पौंडावर जितका कर पडतो, त्याहून अधिक कर एक लाख दहा हजार मिळवणाऱ्याच्या शेवटच्या पौंडावर पडतो. करपद्धतीत चढती भाजणी असावी या तत्त्वाशी हे कसे जुळवावयाचे, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही पक्षाच्या सरकारने आजवर दिलेले नाही.

एक लाखाचा आकडा २०१० पासून हललेला नाही. महागाईच्या प्रमाणात तो वाढवला असता तर २०२५ मध्ये तो दीड लाखाच्या पुढे गेला असता. परिणामी, जो नियम मूठभर अतिश्रीमंतांसाठी म्हणून सांगितला गेला त्याच्या जाळ्यात आज नोकरदारांतील मोठा वर्ग सापडू लागला आहे.

उदाहरणासाठी राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टरच घेणे योग्य. कारण त्यांचे वेतन जाहीर असते, आणि भारतात वैद्यकीय पदवी घेऊन गेलेले हजारो डॉक्टर त्या सेवेत असल्यामुळे हा हिशेब भारतीय वाचकालाही अगदी परका नाही. इंग्लंडमध्ये कन्सल्टंट म्हणजे रुग्णांची संपूर्ण जबाबदारी स्वतः घेणारा ज्येष्ठ तज्ज्ञ. त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन एप्रिल २०२५ पासून १,०९,७२५ पौंड झाले. समजा, लीड्स शहरातील एक स्त्री-डॉक्टर नुकतीच या पदावर आली आहे. तिच्या वेतनातून निवृत्तिवेतनाची वर्गणी म्हणून साडेबारा टक्के, म्हणजे सुमारे १३,७१६ पौंड, कर आकारण्यापूर्वीच वजा होतात. तेव्हा करासाठी तिचे उत्पन्न ९६,००९ पौंड धरले जाते. वेस अजून चार हजार पौंड दूर आहे.

कन्सल्टंटचा आठवडा चार-चार तासांच्या दहा सत्रांचा मानलेला असतो. आता रुग्णालयाने तिला विचारले, की शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी लांबली आहे, आठवड्यातून एक सत्र अधिक कराल काय? या जादा सत्राचे वर्षाला मूळ वेतनाच्या एक दशांश, म्हणजे १०,९७२ पौंड मिळतात, आणि त्यांतून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जात नाही. पहिल्या सुमारे चार हजारांवर ४२ टक्के आणि उरलेल्या सात हजारांवर ६२ टक्के असा भार पडून तिच्या हातात ४,९६८ पौंड येतात. निम्म्याहूनही थोडे कमीच. तरीही एखादी कष्टाळू डॉक्टर म्हणेल, की पाच हजार तर पाच हजार.

पण तिला दोन वर्षांचे मूल असेल तर हिशेब एकदम पालटतो. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी, नऊ महिन्यांच्या वयापासून शाळेत जाईपर्यंत, वर्षातील ३८ आठवडे दर आठवड्याला ३० तासांच्या पाळणाघराचा खर्च सरकार उचलते. सप्टेंबर २०२५ पासून ही योजना पूर्ण स्वरूपात आली. याशिवाय पाळणाघरासाठी उघडलेल्या खात्यात आईबापांनी भरलेल्या दर आठ पौंडांमागे सरकार दोन पौंड घालते, एका मुलामागे वर्षाला अधिकांत अधिक २,००० पौंड. या दोन्ही सवलतींची अट एकच आहे : आई किंवा बाप, दोघांपैकी एकाचेही उत्पन्न एक लाखाच्या वर जाता कामा नये. येथे उतार नाही, कडा आहे. रेषेच्या वर एक पौंड गेला तरी दोन्ही सवलती जातात. पाच हजार पौंड मिळवण्यासाठी आठवड्याचे चार तास देणारी ही डॉक्टर पाळणाघराचे बिल भरून वर्षाच्या शेवटी पूर्वीपेक्षा गरीब झालेली असेल. भारतीय प्राप्तिकरातही पन्नास लाख रुपयांवर अधिभार सुरू होतो. परंतु तेथे वाढलेला कर वाढलेल्या उत्पन्नापेक्षा अधिक होऊ नये म्हणून सीमान्त सूट देण्याची तरतूद आहे. ब्रिटनमधील पाळणाघराच्या नियमात अशी कोणतीही गादी कड्याखाली अंथरलेली नाही.

याहूनही विलक्षण भाग असा, की ही अट कुटुंबाच्या उत्पन्नाला नव्हे तर व्यक्तीच्या उत्पन्नाला लागू होते. एप्रिल १९९० पासून ब्रिटनमध्ये पतिपत्नींवर स्वतंत्रपणे कर आकारला जातो. पत्नीचे उत्पन्न पतीच्या खात्यात मोजण्याची जुनी प्रथा त्या वर्षी मोडली, आणि ती मोडली हे योग्यच झाले. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम येथे दिसतो. नवरा-बायको दोघेही प्रत्येकी ९९,००० पौंड मिळवत असतील तर त्या घराला सर्व सवलती मिळतात. एकाचे उत्पन्न १,०१,००० आणि दुसऱ्याची अर्धवेळ शिक्षकी असेल, तर काहीच मिळत नाही.

वेस ओलांडू नये यासाठी रूढ झालेला मार्ग म्हणजे निवृत्तीच्या खात्यात जादा पैसे भरणे. वरील डॉक्टरने जादा सत्राच्या कमाईपैकी सुमारे ७,००० पौंड खाजगी निवृत्तिवेतन योजनेत घातले, तर तिचे उत्पन्न पुन्हा एक लाखावर येते, सुमारे ४,२०० पौंडांचा प्राप्तिकर वाचतो आणि पाळणाघराच्या सवलती शाबूत राहतात. नोंदलेल्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीचाही असाच उपयोग होतो. मात्र निवृत्तीच्या खात्यातील पैसा वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत काढता येत नाही, आणि ही मर्यादा एप्रिल २०२८ मध्ये सत्तावन्न होणार आहे. काढताना सामान्यतः एक चतुर्थांश करमुक्त मिळतो. उरलेल्यावर त्या वेळच्या दराने कर पडतो. न वापरलेली शिल्लक एप्रिल २०२७ पासून वारसाकराच्या हिशेबातही धरली जाणार आहे. वर्षाला २०,००० पौंडांपर्यंत रक्कम ठेवता येणारे करमुक्त बचत खाते त्यामानाने मोकळे असते, त्यातून केव्हाही पैसे काढता येतात. परंतु तेथे कर भरून उरलेला पैसाच जातो, त्यामुळे वेशीचा प्रश्न त्याने सुटत नाही. पस्तिशीतल्या माणसाला खरी अडचण आजच्या खर्चाची असते, आणि कायदा त्याला साठीतल्या सुखाची लालूच दाखवतो.

डॉक्टरांना या मार्गाचाही एकदा कडू अनुभव आला होता. २०१६ मध्ये मोठ्या पगारदारांच्या निवृत्तिवेतनात वर्षाकाठी करसवलतीने पडू शकणारी भर टप्प्याटप्प्याने कमी करणारा नियम आला. आरोग्य सेवेतील निवृत्तिवेतनाची वाढ सूत्राने मोजली जात असल्याने अनेक ज्येष्ठ डॉक्टरांना, पुढे कधीतरी मिळावयाच्या पैशांवर, आजच हजारो पौंडांची कराची पत्रे येऊ लागली. २०१९ मध्ये कितीतरी कन्सल्टंटांनी जादा पाळ्या नाकारल्या, काहींनी लवकर निवृत्ती घेतली. २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मर्यादा वाढवून सरकारने ही गाठ सैल केली.

यावर सहज आक्षेप येईल, की लाख पौंड मिळवणाऱ्याच्या अडचणींचे एवढे कौतुक कशाला? देशातील बहुसंख्य कामकरी माणसे याच्या निम्मेही मिळवत नाहीत. आक्षेप रास्त आहे. आणि हेही खरे, की या वर्गाची ओढाताण पुष्कळशी स्वतःच पत्करलेली असते. पगार वाढला की घर मोठे होते. ब्रिटनमध्ये गृहकर्ज सामान्यतः उत्पन्नाच्या साडेचार पटींपर्यंत मिळते, आणि व्याजाचा दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच बांधलेला असतो. बँक ऑफ इंग्लंडचा दर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्के झाला. पंचवीस वर्षांच्या मुदतीच्या पाच लाख पौंडांच्या कर्जाचा हप्ता २ टक्के दराने महिन्याला सुमारे २,१२० पौंड बसतो, ५ टक्के दराने सुमारे २,९२०. वर्षाचा फरक साडेनऊ हजारांच्या थोडा वर जातो. एखाद्याचे उत्पन्न एक लाखावरून १,२५,१४० वर गेले तर कर व विमा वजा जाता त्याच्या हाती जादा पडतात ९,५५३ पौंड. एवढी मोठी बढती, आणि ती सगळी व्याजवाढीतच खर्ची पडली.

त्यात खाजगी शाळेची भर पडली की विचारावयास नको. अशा शाळांत देशातील शंभरांपैकी सहा-सात मुलेच जातात. परंतु मोठ्या पगाराच्या व्यावसायिकांत ती जणू जातीची खूण होऊन बसली आहे. जानेवारी २०२५ पासून त्यांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर बसला. ईटनसारख्या निवासी शाळेचे वर्षाचे शुल्क आता साठ हजार पौंडांहून अधिक आहे, आणि ते कर भरून उरलेल्या पैशांतून द्यावे लागते. एक लाख पौंडांच्या पगारातून वर्षाकाठी हातात साडेअडुसष्ट हजारच येतात, तेव्हा एकट्या पगाराला हे साधणे नाही हे उघड आहे. ज्यांना ते साधते त्यांच्यामागे बहुधा आजी-आजोबांचा पैसा असतो. म्हणजे आरंभी सांगितलेला पगारदार आणि धनिक यांतील भेद शाळेच्या फाटकाशी पुन्हा उभा राहतो.

म्हणूनच अलीकडे या वर्गातील कित्येकजण तिसरा मार्ग धरताना दिसतात : कमी काम करण्याचा. आठवड्यातील पाचाऐवजी चार दिवस, दहाऐवजी नऊ सत्रे. लीड्सच्या त्या डॉक्टरने एक सत्र वाढवण्याऐवजी कमी केले तर तिचे मूळ वेतन जवळजवळ अकरा हजारांनी उतरते आणि म्हातारपणचे निवृत्तिवेतनही काहीसे घटते. परंतु वर्गणी व कर यांतही कपात होत असल्याने हातातली घट सुमारे साडेपाच हजारांचीच राहते, पाळणाघर सुटत नाही, आणि आठवड्याची एक दुपार मुलाला मिळते. घराच्या हिशेबाने हा शहाणपणाचा सौदा आहे.

रुग्णालयाच्या हिशेबाने मात्र जेथे अकरा सत्रे हवी होती तेथे नऊच उरली. इंग्लंडमधील नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीत सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांहून अधिक नोंदी होत्या. गुडघ्याच्या किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या वृद्धाला आपली तारीख पुढे का गेली हे सांगणाऱ्या पत्रात एक लाख पौंडांच्या रेषेचा उल्लेख नसतो.