जागेची वाटणी : लिनक्स बसविताना सोपेपणा किती, मोकळीक किती?

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. परंतु यंत्राने माणसाला प्रश्न कसा विचारावा, नवख्याला किती सांगावे आणि जाणकाराला किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही. तो भाषेचा आणि व्यवहाराचाही आहे. म्हणून लिनक्स ही प्रणाली संगणकावर बसविताना डिस्कची जी विभागणी करावी लागते, तिचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

हा विषय आजच घेण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ संपले. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. आमच्या खरवई-बदलापूरच्या बाजूला घरात संगणक येतो तो बहुधा एकच, आणि तोही पुष्कळदा वापरलेला. असा संगणक टाकून देण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवावे, हा विचार साहजिक आहे. कारण लिनक्स विनामूल्य मिळते व जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालते. मात्र बसविण्याच्या कामात एक पायरी अशी येते, की तेथे चुकीचे बटण दाबले तर घरातील सारे फोटो, दाखल्यांच्या प्रती आणि लिहिलेले सर्व काही जाऊ शकते. ती पायरी म्हणजे डिस्कची विभागणी.

विभागणी म्हणजे काय, हे शेतजमिनीच्या उदाहरणाने चटकन समजेल. एका गटाचे हिस्से पडतात आणि कोणता हिस्सा कोणाचा हे गाव नमुना सातवर व त्यात पीक कोणते हे नमुना बारावर नोंदले जाते. डिस्कवरही असाच एक उतारा असतो. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या खंडात ६४ बाइटांची जागा या नोंदींसाठी राखलेली असे. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणून मुख्य हिस्से चारच. जीपीटी या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ हिस्स्यांची सोय असते आणि उताऱ्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

उतारा पुसला म्हणून शेतातले पीक त्याच क्षणी जळत नाही. पण हद्द कोठून कोठवर हे सांगणारा कागद नाहीसा होतो. त्या जमिनीवर नवी पेरणी झाली, की जुने पीक गेलेच. हल्लीच्या एसएसडी डिस्कवर तर जागा मोकळी झाल्याची वर्दी डिस्कला लगेच दिली जाते, त्यामुळे गेलेले परत मिळण्याची आशा आणखी कमी होते.

आता नवख्याची अडचण पाहू. विंडोज वापरणाऱ्याला ‘सी’ आणि ‘डी’ ही नावे माहीत असतात. प्रणाली ‘सी’मध्ये आणि आपले फोटो ‘डी’मध्ये, एवढे तो जाणतो. ‘सी’ व ‘डी’ हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन हिस्से असतात, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. लिनक्स बसविताना ‘डिस्क पुसून बसवा’ असा सोपा पर्याय समोर येतो. तो माणूस समजतो, की ‘सी’ जाईल आणि ‘डी’ राहील. प्रत्यक्षात दोन्ही जातात. येथे पर्याय सोपा आहे, वाक्यही सोपे आहे. परंतु ‘डिस्क’ या शब्दाचा अर्थ यंत्राचा वेगळा व माणसाचा वेगळा.

यावर उपाय म्हणून सर्व तपशील दाखवावेत का? आरंभीच्या काळात तसेच होते. लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. पहिल्या काही वर्षांत ‘एफडिस्क’ नावाच्या आज्ञावलीत एकेक अक्षर टंकून हिस्से पाडावे लागत. रेड हॅट कंपनीने १९९० च्या दशकात ‘डिस्क ड्रुइड’ हे सुलभ साधन दिले. उबुंटूने २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून चालत्या सीडीवरूनच प्रणाली बसविण्याची सोय केली. विंडोजशेजारी बसवा, सगळे पुसून बसवा, किंवा स्वतः हिस्से पाडा, असे मोजके मार्ग सामान्य माणसाच्या परिचयाचे झाले.

सोपेपणाचा अतिरेक झाल्यास काय होते, याचा धडा फेडोराच्या इतिहासात मिळतो. फेडोराच्या ‘अ‍ॅनाकोंडा’ या बसविणाऱ्या कार्यक्रमाची पुनर्रचना फेडोरा १८ साठी झाली. ते काम लांबल्यामुळे ही आवृत्ती पुढे ढकलत ढकलत जानेवारी २०१३ मध्ये बाहेर पडली. नव्या रचनेत माणसाने फक्त कोणत्या कामासाठी किती जागा हवी ते सांगायचे; कोणत्या डिस्कवर कोठे हिस्सा पाडायचा ते कार्यक्रम ठरवणार. कल्पना वाईट नव्हती. परंतु जे लोक आधी डिस्क, मग हिस्सा, मग त्याचे काम अशा क्रमाने विचार करीत, ते गोंधळले. अखेर २०१७ च्या फेडोरा २६ मध्ये खालून वर जाणारी दुसरी पद्धतही जाणकारांसाठी देण्यात आली. २०२५ च्या फेडोरा ४२ वर्कस्टेशनमध्ये पुन्हा नवी, अधिक सोपी मांडणी आली. तरीही हाताने हिस्से पाडणाऱ्यासाठी वेगळे साधन ठेवलेच. तात्पर्य, जाणकाराचा दरवाजा बंद करून सोपेपणा साधत नाही; तो दरवाजा थोडा आत असावा, इतकेच.

डेबियनची पद्धत मला या बाबतीत अधिक समंजस वाटते. सी-डॅकने २००७ पासून काढलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली याच डेबियनच्या पायावर उभी आहे. डेबियनमध्ये प्रथम मार्गदर्शित की स्वहस्ते, असे विचारतात. मार्गदर्शित मार्गात सर्व फाइली एकाच हिस्स्यात ठेवणे हा पर्याय नवशिक्यांसाठी योग्य म्हणून सुचविलेला असतो. ‘होम’, म्हणजे आपल्या स्वतःच्या फाइलींचे दालन, वेगळे ठेवण्याचा पर्याय त्याखालीच असतो. पुढे प्रणाली बिघडली तर ‘होम’ला हात न लावता बाकीचे पुन्हा बसविता येते, हा त्याचा मोठा फायदा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोवर सारे कच्च्या आराखड्यावरच असते. शेवटी कोणकोणते बदल होणार याची यादी दाखवून ‘हे डिस्कवर लिहू का?’ असे विचारले जाते आणि तेथे आधीपासून निवडलेले उत्तर ‘नाही’ हे असते. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावे, तसे हे आहे.

फार हिस्से पाडणेही हिताचे नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामागे जो विचार होता, तोच येथे लागू पडतो. लहान तुकड्यांत एकीकडे जागा पडून राहते आणि दुसरीकडे अपुरी पडते. फेडोराने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून वर्कस्टेशनवर ‘बीटीआरएफएस’ ही पद्धत मुख्य केली. तीत प्रणाली व ‘होम’ वेगवेगळी राहतात, पण जागा सामाईक असते. बांध न घालता वाटणी करावी, तसा हा प्रकार.

भाषेचा मुद्दा शेवटी, पण तो गौण नव्हे. डेबियनचा बसविणारा कार्यक्रम मराठीतही चालतो. मात्र त्यासाठी त्याचे चित्ररूप निवडावे लागते, कारण साध्या अक्षरपडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. ज्या घरातून पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरात विचारायला जाणता माणूस नसतो. तेथे पडद्यावरील वाक्य हाच शिक्षक. ते वाक्य मराठीत असावे, हे तर खरेच. पण ‘विभाजन पुसले जाईल’ एवढे म्हणून भागत नाही. ‘या डिस्कवरील सी व डी दोन्ही, त्यांतील सर्व फाइलींसह जातील’ असे ते हवे. अशी वाक्ये लिहिणे हे काम भाषेच्या विद्यार्थ्याचे आहे, असे मला वाटते.

थोडक्यात, सोपेपणा म्हणजे प्रश्न कमी विचारणे नव्हे. परत फिरता येणार नाही अशा ठिकाणी थांबवून, समजेल अशा शब्दांत विचारणे म्हणजे सोपेपणा. कार्यक्रम तसे सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर ज्या मित्रांना लिनक्स बसवायचे आहे, त्यांनी आधी आपल्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर वा पेनड्राइव्हवर घ्यावी, ती उघडून पाहावी, डिस्कचा आकार पाहून नेमकी कोणती डिस्क निवडली आहे याची खात्री करावी आणि शेवटची यादी दोनदा वाचल्याशिवाय ‘होय’ म्हणू नये, एवढेच नम्रपणे सुचवितो.