कपाट भिंतीला बांधा

मूल रांगू लागले, की घरात आनंद होतो. मग ते धरून उभे राहते. मग चालते. आणि चालायला लागले, की चढायलाही लागते. खाऊचा डबा वर असतो. आरसा वर असतो. टीव्हीचा रिमोट आपण वरच ठेवतो. मुलाचे डोळे तिकडेच असतात.

आपल्याला कपाट हे कपाट दिसते. मुलाला ती शिडी दिसते. ते खालचा खण ओढते. त्यात पाय देते. वरच्या खणाला लोंबकळते. आणि कधी कधी अख्खे कपाट अंगावर येते. त्याखाली मूल जिवाला मुकते.

आई चुलीपाशी असते. बाप रानात असतो. आजी अंगणात धान्य निवडत असते. दिवसभर डोळ्यांत तेल घालून कोण बसणार? पोराला धपाटा घालूनही उपयोग नाही. दोन वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मुलाला बांधता येत नाही, पण कपाट बांधता येते.

कपाट का पडते?

बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले, की गाडी उलार होते. जू वर उचलले जाते. कपाटाचेही तसेच आहे. ओझे पुढे आले, की ते पुढे कलंडते. एक खण उघडला, तर थोडे ओझे पुढे येते. सगळे खण उघडले, तर पुष्कळ येते. त्यात दहा-बारा किलोचे मूल लोंबकळले, की तोल गेलाच! जमीन उंचसखल असली, तर कपाट आधीच डुगडुगत असते.

हे आपल्याच गावात घडते असे नाही. अमेरिकेतही खणांची कपाटे अंगावर पडून मुले दगावली. म्हणून २०२२ साली तिथे कायदा झाला. मूल चढले तरी कपडे ठेवायचे कपाट पडू नये, अशी परीक्षा घेऊनच ते विकायचे, असे ठरले. आपल्या घरातले कपाट कुणी तपासले आहे? ते आपणच तपासायचे. मूल जवळ नसताना कपाट वरून जरा हलवून बघा. हलले, तर ते पक्के नाही. आणि नाही हलले, तरी पुढची कामे कराच.

काय करावे?

१. जड वस्तू खाली ठेवा, हलक्या वर. पितळी भांडी वरच्या फळीवर नकोत.

२. कपाट डुगडुगत असेल, तर पायांखाली सपाट फरशीचे तुकडे घाला. पाठ भिंतीला लागू द्या.

३. कपाट भिंतीला जखडा. भिंत पक्क्या विटांची असेल, तर वरच्या कडेला दोन बाजूंना दोन लोखंडी अँगल लावा. भिंतीत भोक पाडून लाकडी खुंटी घट्ट ठोका. त्या खुंटीत स्क्रू पिळा. नुसता खिळा नको, तो ओढीने निघून येतो. मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. अशा घरात कपाट लाकडी खांबाजवळ ठेवा. त्याचा वरचा भाग जाड तारेने खांबाला आवळून बांधा. जमत नसेल, तर सुताराला बोलवा. काम थोडक्यात होते.

४. टीव्ही उंच, अरुंद टेबलावर ठेवू नका. नवे टीव्ही पातळ असतात. मुलाने ओढले, की पुढे येतात. टीव्ही भिंतीला पक्का करा. वायर लोंबकळू देऊ नका.

५. खाऊ, खेळणी, रिमोट कपाटावर ठेवू नका. वर काही दिसले नाही, तर मूल कशाला चढेल?

६. मोठ्या पेटीला कुलूप लावा. लपाछपी खेळताना मूल पेटीत शिरते. झाकण पडून कडी बसली, की आत गुदमरते. बाहेर आवाजही नीट येत नाही.

"आमच्या घरात लहान मूल नाही," असे कुणी म्हणेल. पण सुट्टीत नातवंडे येतात. शेजारची पोरे येतात. म्हणून घर आधीच तयार ठेवावे. दर दिवाळीला घर झाडताना अँगल आणि तार हलवून बघा. सैल झाली असतील, तर तेव्हाच आवळा.

सांगा पाहू

१. गाडी उलार कधी होते? कपाट कधी पडते?

२. मातीच्या भिंतीच्या घरात कपाट कसे बांधावे?

३. तुमच्या घरात मूल कशाकशावर चढू शकते? आज पाहा आणि वहीत लिहा.