दुर्मीळ आजार आणि सेवेचा समन्वय

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. सहवासी भिक्खूंनी त्याची शुश्रूषा केली नव्हती. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः स्वच्छ केले आणि संघाला नियम घालून दिला: उपाध्याय असेल तर शुश्रूषा त्याने करावी, आचार्य असेल तर त्याने, आणि कोणीच नसेल तर संघाने. करुणेबरोबरच जबाबदार माणूस ठरलेला असावा, हा त्या नियमाचा आशय. दुर्मीळ आजारांविषयीचे आजचे संशोधनही याच प्रश्नापाशी येते.

हिमोफिलियाचे उदाहरण घेऊ. यात रक्त गोठण्यास आवश्यक असा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. मात्र घराण्यात पूर्वी कोणाला नसतानाही तो उद्भवू शकतो. गुडघ्यात वा घोट्यात वारंवार रक्तस्राव झाल्यास सांधा कायमचा निकामी होतो. अशा मुलाला रक्तविकारतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य हे सारे लागतात. प्रत्येक तज्ज्ञ आपापला भाग पाहतो. एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगण्याचे काम मात्र कागदांची पिशवी सांभाळणाऱ्या आईवरच पडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. २०२१ मध्ये केंद्र शासनाचे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आले. त्यानुसार ठरावीक आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद असून मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. परंतु पाचोऱ्याहून मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर दूर. दोन भेटींच्या मधले दिवस कोणी सांभाळायचे?

ब्रिटनमधील ‘कॉनकॉर्ड’ या संशोधनाने रुग्ण, पालक आणि उपचारकर्ते यांना विचारून समन्वयाचे घटक मांडले. जबाबदारी कोणाची, भेटी किती वेळा, नोंदी कोणाला पाहता येतात, संपर्क कसा साधायचा, हे त्यांतील काही. सर्वांना लागू पडेल अशी एकच पद्धत नाही, हेही त्यातून दिसले.

हे प्रश्न निवासी शाळेलाही लागू आहेत. प्रवेशाच्या वेळीच आजाराची नोंद व्हावी. गृहपाल, वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक यांना काही गोष्टी ठाऊक असाव्यात: हिमोफिलिया असलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याविना स्नायूत इंजेक्शन देऊ देऊ नये, सांधा सुजल्यास विश्रांती व बर्फाचा शेक देऊन घटक मिळेल त्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे, डोक्याला मार लागल्यास रक्त दिसले नाही तरी थांबू नये. त्या रुग्णालयाचा क्रमांक कार्यालयात लावलेला असावा आणि रात्री-अपरात्री मुलाला कोण नेणार, त्याचे नाव आधीच ठरलेले असावे.

वसतिगृहात आई जवळ नसते. तिच्या हातातली पिशवी तेथे कोणी घ्यायची, हे मूल दाखल होते त्याच दिवशी ठरले पाहिजे.