फादर डेमियन : करवत चालवणारे संत

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जप, प्रवचन, चमत्कार असं काहीतरी येतं. फादर डेमियन यांच्या चरित्रात मात्र पाइप, फळ्या, खिळे आणि शवपेट्या भेटतात. म्हणूनच आपल्या कॉलेजच्या अंकात त्यांच्यावर लिहावंसं वाटलं.

३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावात त्यांचा जन्म झाला. घरी शेती आणि धान्याचा व्यापार. खरं तर हवाईला जायचं होतं त्यांच्या थोरल्या भावाला. तो आजारी पडला आणि त्याच्या जागी हे १८६४ मध्ये होनोलुलूला उतरले.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. कुष्ठरोग पसरत होता, औषध नव्हतं. १८६५ मध्ये कायदा झाला आणि पुढच्याच वर्षापासून रुग्णांना घरादारापासून तोडून मोलोकाई बेटावरच्या एका भूशिरावर सोडायला सुरुवात झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे सुमारे २००० फुटांचा कडा. रुग्णांनी शेती करून पोट भरावं, असा सरकारचा हिशोब. बोटं झिजलेल्या माणसांनी कुदळ धरायची! कागदावरचे हिशोब असेच असतात.

बिशपनी ठरवलं होतं की चार धर्मगुरूंनी पाळीपाळीने तिथे जावं. पहिली पाळी डेमियन यांची. १० मे १८७३ ला ते गेले आणि राहिलेच. सुरुवातीच्या रात्री त्यांनी झाडाखाली काढल्या.

पहिला प्रश्न पाण्याचा होता. जखमा धुवायलासुद्धा पाणी लांबून वाहून आणावं लागे. डेमियन यांनी सरकारकडे पाइप मागितले आणि धडधाकट रुग्णांना हाताशी घेऊन दरीतलं पाणी वस्तीपर्यंत आणलं. पंप नाही, काही नाही. उगम उंचावर होता, उताराने पाणी आलं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण ज्या ‘हेड’ला घाबरतो, तोच इथे उपयोगी पडला. पुढे वादळात झोपड्या पडल्या, तेव्हा लाकूड मागवून त्यांनी घरं उभी केली. शेकडो शवपेट्याही स्वतः ठोकल्या. त्याआधी कित्येकांना पेटीशिवायच पुरत असत.

ते रुग्णांच्या जखमा बांधत, त्यांच्याच भांड्यातून जेवत. हा हट्टीपणा होता का? असेलही. ज्या वर्षी ते तिथे गेले, त्याच १८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांना या रोगाचा जंतू दिसला होता, पण उपाय अजून दूर होता. बहुतेकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असते हे आज आपल्याला माहीत आहे, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. १८८४ च्या डिसेंबरात कढत पाण्यात पाय बुडवूनही चटका जाणवला नाही, तेव्हा डेमियन काय ते समजले.

१५ एप्रिल १८८९ ला ते गेले, वय ४९. मृत्यूनंतर होनोलुलूच्या एका पाद्र्याने त्यांना गबाळे, हेकट म्हणून हिणवलं. त्याला जाहीर उत्तर दिलं ‘ट्रेझर आयलंड’च्या स्टीव्हन्सन यांनी, १८९० मध्ये. गंमत म्हणजे त्यांनी डेमियन यांचे दोष नाकारले नाहीत. वस्ती स्वतः पाहून आल्यामुळे त्यांना तशी गरजच वाटली नसावी.

शेवटच्या हिवाळ्यातही डेमियन चर्च वाढवण्याच्या कामात गुंतले होते. ते काम त्यांच्यामागे पूर्ण झालं. २००९ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. त्यांचा देह १९३६ मध्येच बेल्जियमला नेला होता, पण मोलोकाईच्या लोकांना काहीतरी परत हवं होतं. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात तिथल्या जुन्या कबरीत पुन्हा ठेवण्यात आला.