दोन खेपा म्हणजे तिप्पट चाल

व्हिडिओतला हिशोब इथे लिहून देतोय.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बाउंड्री वॉटर्स हे तळ्यांचं जंगल आहे. मित्रमंडळी तिथे कनू नावाची हलकी होडी वल्हवत फिरतात, तंबूत राहतात. एका ग्रुपला मर्यादा ९ माणसं, ४ होड्या. तळं संपलं की होडी आणि सामान खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं.

समजा, वाट १ किलोमीटर आहे. सामान एका खेपेत गेलं तर चाल १ किलोमीटर. दोन खेपा लागल्या तर? जा, रिकामे परत या, पुन्हा जा. झाले ३!

दुकानातही तेच. मी पहिल्या दिवाळीला "लागेल कधीतरी" म्हणून जादा माल भरला. पैसे त्यात अडकले आणि चालणारा माल आणायला उसने घ्यावे लागले.

आजचा गृहपाठ: तीन महिने न हललेल्या मालाची यादी करा. खरेदीचे पैसे सुटले तरी तो काढून टाका.